पुरस्कारांच्या याद्या पाठ करणे म्हणजे चालू घडामोडींचा अभ्यास आहे का?

धागालेखक :
स्पर्धा परीक्षांच्या तयारीत ‘पुरस्कार व सन्मान’ हा घटक बहुतेक जण नाव, वर्ष आणि क्षेत्र अशा तीन रकान्यांत उरकतात, आणि परीक्षा संपली की महिन्याभरात सारे विसरतात. आधी पुरस्काराची घडण समजून घ्यावी आणि नावे मागाहून घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. २०२५ चे पद्म पुरस्कारच पाहा. ७ पद्मविभूषण, १९ पद्मभूषण आणि ११३ पद्मश्री मिळून १३९ ही बेरीज सर्वांना तोंडपाठ असते; पण वर्षाला १२० ची मर्यादा असताना १३९ कसे दिले गेले, असे विचारले की अभ्यासगटात शांतता पसरते. मरणोत्तर सन्मान तसेच परदेशी नागरिकांना आणि अनिवासी भारतीयांना दिलेले सन्मान त्या मर्यादेत मोजले जात नाहीत. त्या यादीत १३ मरणोत्तर आणि १० परदेशस्थ होते. हे एकदा उमगले की पुढच्या वर्षीची यादी कशी वाचायची, ते वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रतिसाद १ :
सविनय असहमत. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चार पर्याय समोर असतात आणि चुकीच्या उत्तरामागे २५ टक्के गुण कापले जातात. तिथे नियम ठाऊक असून भागत नाही, नाव आठवावेच लागते. शिवाय नियमावर विसंबणारा फसतोही. भारतरत्न वर्षाला जास्तीत जास्त तिघांना, असा नियम आपण सगळेच वाचतो. प्रत्यक्षात १९९९ मध्ये चार आणि २०२४ मध्ये पाच जणांना तो जाहीर झाला : कर्पूरी ठाकूर, लालकृष्ण अडवाणी, पी. व्ही. नरसिंह राव, चौधरी चरणसिंग आणि एम. एस. स्वामिनाथन. त्यांपैकी अडवाणी वगळता चौघांना मरणोत्तर. ही पाच नावे ज्याने घोकली आहेत, त्याचा गुण जाणार नाही. नोकरी सांभाळून रात्री दोन तास अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला आपण घोकंपट्टीवरून कमी लेखू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद २ :
दोघांच्याही मांडणीत वर्षाचा घोळ राहून गेला, आणि गुण जातात ते तिथेच. २०२४ चे राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार राष्ट्रपती भवनात प्रदान झाले ते १७ जानेवारी २०२५ रोजी. २०२३ चा ज्ञानपीठ गुलजार आणि रामभद्राचार्य यांना जाहीर झाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. वहीत पुरस्काराचे वर्ष आणि प्रदान किंवा घोषणेची तारीख यांचे रकाने वेगळे ठेवावेत.

धागालेखक :
वेगळ्या रकान्यांची सूचना मान्य. पहिल्या प्रतिसादाविषयी मात्र : कष्टाने पाठांतर करणाऱ्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, पण तेच कष्ट अधिक टिकावेत असे वाटते. मुरलीकांत पेटकर हे नाव घ्या. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि अर्जुन पुरस्कार थेट २०२४ च्या यादीत, जीवनगौरव म्हणून. पदक आणि अर्जुन पुरस्कार यांमधले अर्धशतकाहून मोठे अंतर ज्याने एकदा मोजले, तो हे नाव विसरणार नाही. मुख्य परीक्षेत तर अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले असताना भारतरत्न चालतो कसा, असेही विचारता येते. असे सन्मान म्हणजे किताब नव्हेत, मात्र ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल ठाऊक नसेल, तर यादीतले एकही नाव त्या उत्तराला कामी येत नाही.

प्रतिसाद १ :
पेटकरांचे उदाहरण मनापासून पटले. तरीही क्रम माझाच योग्य वाटतो, कारण मुख्य परीक्षेचा तो प्रश्न पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच मिळतो. शेवटच्या चाळीस दिवसांत मी माझ्या गटाला आधी यादीच देईन. अनुच्छेद १८ पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या दिवशी काढू.