मदत हवी आहे: लॉकिंग नटची चावी हरवली, अलॉय व्हील कसं उतरवायचं?

घाटवळण
नमस्कार मंडळी. गाडी सेकंडहँड क्रेटा. प्रत्येक चाकाला चार साधे नट आणि एक लॉकिंग नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून, खास चावीनेच निघणारा) आहे. नटाच्या नक्षीत बसणारी चावी गाडीसोबत आलेली नाही आणि आधीच्या मालकांनाही ती कुठे आहे ते ठाऊक नाही. मागचे दोन टायर गुळगुळीत झालेत, पावसाळ्याआधी बदलायचे आहेत. टायरवाला म्हणतो, "छिन्नीने काढून देतो, पण अलॉयला टवका गेला तर जबाबदारी तुमची."

नट बाहेरून गोल आहे, तोंडावर फुलासारखी वळणदार खाच, व्यास २१ मिमीच्या आसपास. अलॉय आणि स्टड (ज्यावर नट चढतो तो आट्यांचा दांडा) शाबूत ठेवून हे काढता येईल का? वाटेत स्टेपनी लावायची वेळ आली तर काय, हीसुद्धा धाकधूक आहेच.

टॉमीबार
छिन्नीवाल्याला सध्या थांबवा.

आधी चावी नीट शोधा. चावी अक्रोडाएवढी असते आणि कुठेही जाते. स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा, जॅकच्या पिशवीची शिवण, डिकीच्या बाजूचे कप्पे, ग्लोव्हबॉक्समधल्या पुस्तकांच्या पाकिटात, ड्रायव्हर सीटखाली. याआधी चाकं जिथे काढली असतील (अलाइनमेंट, बॅलन्सिंग, पंक्चर) तिथेही विचारा. चावी सॉकेटमध्ये अडकून दुकानातच राहणं हे हरवण्याचं सर्वात नेहमीचं कारण आहे.

नाहीच मिळाली तर नटाचं तोंड जुन्या टूथब्रशने साफ करून समोरून सरळ फोटो काढा, शेजारी स्टीलची पट्टी धरा. नट शोरूममधून बसवलेला असेल तर त्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला फोटो दाखवा. बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या नक्षींच्या चाव्यांचा संच ठेवलेला असतो, त्यातली जुळवून नट काढून देतात. आरसी सोबत न्या. कागदपत्रांत चावीच्या कोडचं कार्ड सापडलं तर काम आणखी सोपं, त्या कोडवर नवी चावी मागवता येते.

पाना१९
जुगाड सांगतो. नटापेक्षा किंचित लहान, बारा कोनांचा जुना सॉकेट घ्या आणि दोन किलोच्या हातोड्याने नटावर ठोकून बसवा. सहा कोनांचा नको, गोल नटावर बारा धारा जास्त ठिकाणी चावतात. मग लांब दांडा लावून उलटा फिरवा. सॉकेट वाया जाणार हे धरून चाला. चकाकीवाल्या सॉकेटच्या कपच्या उडतात, डोळ्यांना गॉगल हवाच.

लेथमास्तर
सॉकेटचा जुगाड चालतो, पण नट जास्त आवळलेला असेल तर सॉकेट घसरतो आणि नट आणखी गुळगुळीत होतो. त्यापेक्षा ट्विस्ट सॉकेट एक्स्ट्रॅक्टर (खराब नट काढायचा खास सॉकेट) घ्या. याच्या आत उलट्या दिशेने वळलेल्या धारा असतात. दांडा उलटा फिरवाल तसा तो नटात अधिक रुतत जातो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, नाहीतर कुठल्याही मोठ्या टूल्सच्या दुकानात बघा. अर्धा इंच ड्राइव्हचाच (दांडा बसायचं चौकोनी भोक अर्ध्या इंचाचं) घ्या.

मापावर वेळ घालवा, कारण फसतं ते इथेच. व्हर्नियरने (मिमीत अचूक मापायच्या पट्टीने) दोन मापं घ्या: नटाचा बाहेरचा व्यास, आणि अलॉयमध्ये नट ज्या भोकात बसलाय त्या भोकाचा व्यास. एक्स्ट्रॅक्टरची जाडी या दोहोंच्या मधल्या जागेत मावली पाहिजे. इम्पॅक्ट सॉकेट (एअर गनवर वापरायचे) जाड असतात आणि तिथेच अडकतात. एक्स्ट्रॅक्टर हाताने नटावर सरकला तर तो मोठा आहे. तोंडावर नुसता टेकला आणि ठोकून ८-१० मिमी आत गेला तर माप बरोबर. चार-पाच घावांतही कडेवरच उड्या मारत राहिला तर लहान आहे, पुढचा घ्या.

आता काम. गाडी सपाट जागी, चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, ऑटोमॅटिक असेल तर पी, समोरच्या चाकाला दगड. जॅकवर उचललेल्या गाडीवर हातोडा चालवायचा नाही. बाकीचे चार नट आधी ढिले करू नका. ते सोडले की चाक दाबून धरण्याचा सगळा भार लॉकवर येतो आणि तो आणखी जखडतो. उलट त्या चौघांना अगदी किंचित आवळा, लॉकवरचा ताण थोडा हलका होतो. त्याहून जास्त नको, स्टड ताणला जाईल.

भोकाच्या कडेला मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या. एक्स्ट्रॅक्टर सरळ ठेवून ठोका, तिरका बसला तर पहिल्याच जोरात निसटून अलॉयवर जातो. मग किमान दोन फुटांचा टॉमी बार (सॉकेट फिरवायचा लांब दांडा) लावून सावकाश, एकसारखा जोर द्या. झटके नकोत आणि एअर गन तर नकोच, ती धारा तासून टाकते. क्रेटाच्या चाकाच्या नटाचा टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर) ११ ते १३ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्यावर २२ ते २६ किलोचा भार. पण दुकानात गनने आवळलेला नट याच्या दुपटीवर असू शकतो, म्हणून दांड्यात घालायला पाइप जवळ ठेवा.

'टक' असा आवाज आला की सुटला. पण थांबून बघा, नट फिरला की एक्स्ट्रॅक्टर. निघालेला नट आत घट्ट बसलेला असतो. मागच्या चौकोनी भोकातून जाड पंच घालून ठोका, नाहीतर नट व्हाइसमध्ये धरून एक्स्ट्रॅक्टर सुलटा फिरवा. तो बाहेर काढल्याशिवाय दुसऱ्या चाकाला जाता येत नाही, हे लोक विसरतात.

सह्यकडा
गंजतेल आदल्या रात्री मारून ठेवलं तर?

लेथमास्तर
कोकणातली गाडी असेल तर मारा, पण नट टोपीसारखा बंद असेल तर तेल आट्यांपर्यंत पोचतच नाही. आणि मारलं तर चाक परत लावताना स्टड ब्रेक क्लीनरने पुसा. तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

घाटवळण
मनापासून आभार. एक अडचण: पुढच्या चाकांचे लॉक वेगळे दिसतात. त्यांची बाहेरची रिंग बोटाने नुसती गरगर फिरते. तिथेही एक्स्ट्रॅक्टर चालेल?

टॉमीबार
नाही. ती रिंग मुद्दाम तशी केलेली असते. ठोकलेला सॉकेट रिंगेसकट फिरत राहतो, आतला नट जागचा हलत नाही. आधी रिंग घालवावी लागते. अरुंद टोकाच्या छिन्नीने तिची कड फाडतात, मग आतल्या गाभ्यावर लहान मापाचा एक्स्ट्रॅक्टर बसतो. अलॉयच्या खोल भोकात हे नवख्याने करू नये. मागचे टायर आता बदलायचे आहेत ना, ते घरी काढा. पुढच्यांना सर्व्हिस सेंटरच्या संचातली चावी जुळते का ते आधी बघा.

पाना१९
आमच्याकडचे वेल्डर नटाच्या तोंडावर साधा नट वेल्ड करून पान्याने काढतात. दोन मिनिटांचं काम.

लेथमास्तर
दोन मिनिटांचं खरं, पण चढवलेल्या टायरच्या रिमवर वेल्डिंग करू नये. उष्णतेने टायरच्या आतलं रबर विघटित होऊन ज्वलनशील वायू साचतात आणि टायर फुटतो, कधी कधी काम संपल्यावर काही वेळाने. हवा काढली तरी धोका पूर्ण जात नाही. शिवाय अर्थचा चिमटा बॉडीला लावला तर करंट व्हील बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात. अलॉयच्या लॅकरवर ठिणग्यांचे फोड येतात ते वेगळंच.

एक्स्ट्रॅक्टर हरला तर ड्रिल वापरा. कोबाल्टचा बिट, मंद गती, कटिंग ऑइल. नटाच्या भिंतीत, स्टडला लागून लांबीच्या दिशेने ४-५ मिमीचं भोक पाडा आणि छिन्नीने नट चिरा. नट खूप कडक केलेला असेल तर कार्बाइडचा बिट लागतो. स्टडचे आटे गेले तर स्टड बदलता येतो, डिस्क काढून हबमधून (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागातून) मागे ठोकायचा. मात्र काही हबच्या मागे जागा नसते, मग हबच उतरवावा लागतो, तेव्हा मजुरी आधी विचारून घ्या.

सह्यकडा
स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांसाठी जोडतो. तिथे नट नसतो, १४ मिमीचा बोल्ट थेट हबमध्ये जातो, साध्या बोल्टला १७चा पाना. पद्धत तीच, पण ड्रिल करायची वेळ आली तर बोल्टचं डोकं उडवा. डोकं गेलं की ताण संपतो, चाक निघतं आणि उरलेला दांडा बहुतेकदा पकडीने फिरून येतो. ड्रिल मध्य सोडून हबच्या आट्यांत घुसलं की खर्च हबचा.

घाटवळण
समजलं. काढल्यावर परत लॉक बसवायचे की साधे?

टॉमीबार
साधे. चोराकडेही हाच एक्स्ट्रॅक्टर असतो, लॉकने त्याची पाच मिनिटं जातात आणि तुमचा अख्खा दिवस. रात्री गाडी रस्त्यावर उभी राहत असेल आणि मन मानत नसेल तर लॉक घ्या, पण चावीचा कोड मोबाइलमध्ये ठेवा, चावी टूलकिटला बांधून ठेवा आणि टायरवाल्याला ती फक्त हाताच्या पान्यावर वापरू द्या. गनवर चावीचे दात तुटतात.

नवे नट १२ x १.५ मिमी आट्यांचे, २१च्या पान्याचे घ्या. जुना साधा नट सोबत नेऊन बैठक (नटाचा अलॉयला टेकणारा भाग) जुळवा. तुमच्या अलॉयला निमुळती बैठक लागते. गोल बैठकीचा नट चुकून मिळाला तर तो आवळलेला वाटतो, पण नीट टेकत नाही आणि चालताना सुटतो.

पहिले तीन-चार आटे हाताने फिरले पाहिजेत, अडलं तर काढून पुन्हा लावा. मग एकाआड एक क्रमाने, टॉर्क रेंचने ११० न्यूटन मीटर. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय चाक चढवू नका, नाहीतर तपासणीत नट ढिले मिळतील.