कोकणात कॅम्परव्हॅनसाठी शेड: उंची, पाया आणि पत्रा

आंजर्लेकर:
दापोली तालुक्यात घराशेजारी कॅम्परव्हॅन ठेवायला शेड करायची आहे. गाडी लांबीला ६ मीटर, रुंदीला २ मीटर, छतावरच्या एसीसकट उंची २.९ मीटर. दार आणि ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छप्पर) डाव्या बाजूला. जमीन जांभ्याची, समुद्र दीड किलोमीटरवर. फॅब्रिकेटर चौरस फुटावर दर सांगतोय. ५० × २५ मिमीचे पाइप, ०.३५ मिमीचा पत्रा आणि खांब दीड फूट गाडणार म्हणतोय. एवढ्यावर भागेल का? पश्चिमेकडून झड येते, ती बाजू पत्र्याने बंद करायचाही विचार आहे.

लोहकाम:
नाही भागणार. चौरस फुटाचा दर आधी मोडीत काढा. त्या दरात पाइप जितका हलका तितका त्याचा फायदा. लोखंड किलोवर ठरवा आणि मापं लिहून घ्या.

खांबांमधली मोकळी रुंदी ४ मीटर हवी: दाराच्या बाजूला १.३, पलीकडे ०.७. लांबी ८ मीटर. पत्रा चारी बाजूंनी थोडा बाहेर काढून ८.४ × ४.६ मीटर धरा. गाडीची उंची टाक्या रिकाम्या आणि टायरमध्ये पूर्ण हवा असताना मोजा, कारण तेव्हाच ती सर्वांत उंच असते. गेटजवळ चढ असेल तर गाडी तिरपी होते आणि मागचं टोक वर येतं, तेही पाहा. छताच्या उतरत्या बाजूला बीमच्या तळाशी ३.४ मीटर ठेवा. याहून फार उंच नेलंत तर झड थेट आत येईल.

खांब ९१.५ × ९१.५ × ४.५ मिमीचे सहा, आडवे बीम १२२ × ६१ × ४.५ चे तीन, पर्लिन (बीमवरचे आडवे पाइप, ज्यांवर पत्रा बसतो) ८० × ४० × ३.२ च्या पाच ओळी. दोन बीममध्ये ४ मीटर अंतर आहे, तिथे ५० × २५ वाकणारच. खांब मातीत गाडू नका. काँक्रीटचा माथा जमिनीच्या १५० मिमी वर, त्यात १६ मिमीचे चार जे-बोल्ट (तळाशी वाकवलेले), वर खांबाखाली १२ मिमीची लोखंडी बेस प्लेट. खारी हवा आणि पागोळ्यांचं पाणी खांबाचा पाय सगळ्यात आधी खातं. प्रत्येक वेल्ड घासून झिंकचा प्रायमर द्या, पाइपांची तोंडं टोप्यांनी बंद करा.

पाया: ६०० × ६०० × ९०० मिमीचे सहा खड्डे. जांभ्यात खड्डा नीट चौकोनी तोडून काँक्रीट थेट कडांना भिडवलंत तर पकड उत्तम मिळते.

वारा_मोजा:
लोहकाम यांच्याशी सहमत, फक्त पायात दुरुस्ती. उघड्या शेडला वजन नव्हे, वारा पाडतो. तोही वर उचलून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे किती पत्रे उडाले ते तुम्हाला ठाऊकच असेल.

आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात मुंबईला सेकंदाला ४४ मीटर वेग दिला आहे, तोच इथे धरू. वाऱ्याचा दाब ०.६ × ४४ × ४४, म्हणजे चौरस मीटरला ११६२ न्यूटन, साधारण ११८ किलो. छत ३८.६ चौरस मीटर, म्हणजे उचल साडेचार टनांच्या आसपास. शेडचं स्वतःचं वजन ७०० किलो वजा करा, उरले ३.८ टन. हे सहा खांबांत सारखं वाटलं जात नाही! मधले दोन खांब प्रत्येकी पाव हिस्सा घेतात, म्हणजे ९५० किलो. कोपऱ्यातले त्याच्या निम्मे. ६०० × ६०० × ९०० चा ठोकळा भरतो ७८० किलो. कोपऱ्याला पुरेसा, मधल्याला कमी. मधले दोन ७५० × ७५० × १००० करा, साडेतेराशे किलो होतील. हा अंदाज आहे, ड्रॉइंग एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच.

पश्चिम बाजू पत्र्याने बंद करू नका. वारा आत अडकतो, उचल वाढते आणि वरचं सगळं गणित कोसळतं. शेडनेट लावा, किंवा उतरती बाजू पश्चिमेला घ्या.

आंजर्लेकर:
मग उतार पश्चिमेलाच करतो, दार पूर्वेला येईल. पत्रा कोणता घेऊ? आणि शेडखाली गाडीवरचं सोलर बंद पडेल, त्याचं काय?

लोहकाम:
०.५ मिमीचा कलर कोटेड गॅल्व्हल्यूम (जस्त-अॅल्युमिनियमचा लेप दिलेला पत्रा). उताराच्या लांबीचा, ४.६ मीटरचा अखंड पत्रा कापून मागवा, मधे सांधा नको. १ मीटर रुंदी झाकणारे नऊ लागतील. उतार दहाला एक. ग्राइंडरने कापू देऊ नका, ठिणग्यांनी रंग जळतो आणि तिथूनच गंज धरतो. ड्रिलचा कीस त्याच दिवशी झाडून काढा. कडेच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधे एकाआड एक. वॉशर किंचित दबला की थांबा. चेपून बाहेर आला तर गळणार. पन्हळीला ११० मिमीचे दोन पाइप द्या. पाण्याला एक पुरेल, पण आंब्याचा पाला अडकला की दुसराच कामाला येतो. माडाखाली शेड नकोच. नारळ पत्रा चेपवतो.

वारा_मोजा:
सोलरसाठी: घरातून १६ अँपिअरचा पॉइंट, ४ चौरस मिमीची वायर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. लिथियम बॅटरी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर निम्म्या चार्जवर आणून मेन स्विच बंद ठेवा.

खाली नुसती माती ठेवलीत तर पावसाळाभर ओल चढून चासी गंजते. प्लास्टिक अंथरून १५० मिमी काँक्रीट, शंभराला एक उतार. शेडखाली गाडीवर वेगळं कव्हर घालू नका. दमट हवा कोंडते, गाद्यांना बुरशी येते. गाडीच्या छताची झडप दोन बोटं उघडी ठेवा, तिला बारीक जाळी लावा. भिजलेलं ऑनिंग पूर्वेच्या बाजूने उघडून वाळवूनच गुंडाळा.

खांब रोवण्याआधी ग्रामपंचायतीत परवानगी आणि सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) विचारून घ्या. कंपाउंडला चिकटून खांब आला तर नंतर हलवणं महाग पडतं.