जोडीदारासाठी जुनी क्रूझर : आधी वजन बघा, सीसी नंतर

(मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

सायडस्टँड

विषय एवढाच : जोडीदाराला स्वतः चालवायला जुनी क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची ऐसपैस मोटरसायकल, निवडायची आहे, मागे बसायला नव्हे. लायसन आहे, सराव बेताचा. अशा वेळी चर्चा सीसीवरून सुरू होते आणि गाडी बघायला गेल्यावर "पाय टेकतात ना, मग झालं" इथे संपते. माझ्या मते दोन्ही चूक.

सीट बुटकी म्हणजे गाडी सोपी, हा समज फार पक्का बसलाय. होंडा रेबेल 500ची सीट 690 मिलिमीटर आणि वजन 190 किलोच्या आसपास. हार्ले स्पोर्टस्टर 883ची सीटही बुटकीच, पण वजन अडीचशेच्या पुढे. तळपाय दोन्हींवर टेकतील. फरक कळतो तो गाडी चढावर मागे ढकलताना, किंवा हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला गेला की. गाडी झुकायला लागली की पाय जमिनीला पोचून उपयोग नसतो, ती तोलता आली पाहिजे.

म्हणून आधी वजन, मग हातापायांची पोच, मग सीट, आणि सीसी सगळ्यात शेवटी. पहिली गाडी 200 किलोच्या आत असावी. पोच बघायची तर हँडल पूर्ण डावीकडे वळवा. सीटवरून न सरकता उजवी मूठ हातात राहते का? यू-टर्न घेताना नेमकी तीच सुटते. क्लच वीसेक वेळा दाबून बघा. पंजा लहान असेल तर लिव्हर बोटांच्या टोकाच्या पेरांत येते आणि हाफ क्लच साधत नाही.

व्हीट्विन

असहमत. वजनाचा त्रास चालण्याच्या वेगापर्यंत. पुढे तेच वजन कामाला येतं, आडव्या वाऱ्यात किंवा ट्रकला ओलांडताना गाडी ढळत नाही. हलकी घ्या म्हणत लोक रेबेल 300वर येतात. 286 सीसीचं एकच सिलिंडर, हायवेवर शंभरच्या वेगात इंजिन सतत ताणलेलं आणि मुठींना कंपनं. सहा महिन्यांत हात बसला की पुन्हा गाडी शोधायची वेळ.

पोच महत्त्वाची म्हणताय तर कावासाकी व्हल्कन एस घ्या. 649 सीसी, सीट 705 मिलिमीटर, फूटरेस्ट पुढेमागे तीन जागी बसवता येतात, हँडल आणि सीटही वेगवेगळ्या मापांत निघालेली. सव्वादोनशे किलो आहे, पण वजन खाली आहे. चेनची कटकटच नको असेल तर यामाहा व्ही-स्टार 650, शाफ्ट ड्राइव्ह, म्हणजे चेनऐवजी फिरता दांडा चाक चालवतो.

सायडस्टँड

300चा हायवेचा मुद्दा मान्य, म्हणूनच 500 म्हटलं. 471 सीसीची दोन सिलिंडर त्या वेगात आरामात चालतात. व्हल्कनबद्दल एक गोष्ट सुटतेय. जुनी गाडी पहिल्या मालकाच्या मापावर लावलेली असते. जवळचं हँडल आणि पुढे आणलेली सीट वेगळी शोधावी लागते, फूटरेस्ट सरकवले की गिअर लिव्हरचा रॉडही जुळवावा लागतो. हे आधी विचारा. आणि वजन खाली असलं तरी पडलेली गाडी उचलताना ते सगळं उचलावंच लागतं.

कोनसेट

तुम्ही दोघं मॉडेलवर भांडताय. जुन्या गाडीत मॉडेलपेक्षा समोर उभी असलेली ती एक गाडी महत्त्वाची. नव्या हाताला तर जास्तच, कारण जुन्या हाताला जे लगेच जाणवतं ते नव्याला "मलाच जमत नाहीये" असं वाटतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, घासलेली गाडी सरळ चालताना किंचित इकडेतिकडे जाते. शिकणारा स्वतःला दोष देत राहतो.

तो तपासायला पुढचं चाक अधांतरी करून हँडल अगदी सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर बेअरिंगच्या कड्यांत खड्डे पडलेत, घट्ट करून भागत नाही, बदलावाच लागतो. तिथेच खाली वाकून हँडल जिथे अडतं ते दोन्ही स्टॉपर बघा. एक चेपलेला किंवा रंग तडकलेला असेल तर गाडी जोरात आपटलेली आहे, टाकी कितीही चकचकीत असो.

इंजिन थंड असताना बघायचा आग्रह धरा. पोचल्यावर पहिलं काम, इंजिनाच्या केसिंगला हात लावणं. कोमट लागलं तर आधीच सुरू करून ठेवलंय. पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. व्ही-स्टारला दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) आहेत. गाडी फक्त चोकवर चालत असेल आणि चोक ढकलला की बंद पडत असेल तर पायलट जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रं, चोंदलेत. बहुतेक वेळा पेट्रोल भरून महिनोन्‌महिने उभी ठेवल्याचा हा परिणाम. टाकीत टॉर्च मारा, तळाला गंज असेल तर कार्ब्युरेटर साफ करूनही पुन्हा चोंदणार.

पुढचे फोर्क (पुढच्या चाकाचे दोन सस्पेन्शन दांडे) पांढऱ्या कागदाने पुसा, पाचसहा वेळा जोरात दाबा, पुन्हा पुसा. तेलाची रिंग उठली तर ऑइल सील गेलं. सील किरकोळ काम, पण दांड्यावर नख फिरवून बघा. गंजाचे खड्डे लागले तर नवं सीलही कापलं जाणार. आणि ते तेल ब्रेकपॅडवर उतरतं.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2318 म्हणजे 2018चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते आणि रबर कडक झालेलं असतं, कारण क्रूझर चालते कमी आणि उभी जास्त. बॅटरीला मीटर लावा : बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, रेस दिल्यावर 13.5 ते 14.5. रेस देऊनही आकडा वर सरकत नसेल तर बॅटरी चार्ज करणारा रेग्युलेटर किंवा स्टेटर बिघडलाय.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (दात्यांच्या चकतीच्या) मागून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट संपलाय. आणि शाफ्ट म्हणजे कटकट नाही, हे खरं नाही. त्याचं मागचं गिअर ऑइल वेगळं असतं. मागचा टायर बदलताना स्प्लाइनला (शाफ्ट आणि चाक जोडणाऱ्या दातांना) ग्रीस लावायचं राहून गेलं तर दात आतल्या आत झिजतात, बाहेरून काही दिसत नाही.

उंचसीट

सराव बेताचा असेल तर मुळात क्रूझरच का? पाय पुढे ठेवून बसलं की खड्ड्यावर फूटरेस्टवर जोर देऊन अंग उचलता येत नाही. मागचा सस्पेन्शन जेमतेम दाबला जातो, दणका थेट कण्यात. संथ वेगात तोल सांभाळायला पाय शरीराखाली हवेत. सरळ बसायची साधी गाडी घ्या, सीट चार बोटं उंच असली तरी तोल लवकर येतो.

सायडस्टँड

पाय पुढे टाकायला लावणाऱ्या क्रूझरबद्दल पूर्ण सहमत. पण रेबेलचे फूटरेस्ट बऱ्यापैकी गुडघ्याखालीच येतात, सगळ्या क्रूझर एका मापाच्या नाहीत. आणि चालवणाऱ्याला क्रूझरच आवडत असेल तर दुसरी गाडी घरात उभी राहील. सराव आवडीच्या गाडीवरच होतो.

व्हीट्विन

उंच गाडी घेऊन ती मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून खाली उतरवू नका, हे मात्र जोडतो. साइडस्टँड आहे तेवढाच लांब राहतो, गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने पलीकडच्या अंगावर पडते. वळणात खालचं लोखंडही लवकर घासतं.

कोनसेट

आणि जोडीदाराला न सांगता परस्पर घेऊ नका. बघायला दोघांनी जा. चालवायच्या आधी त्यांनाच इंजिन बंद ठेवून गाडी स्टँडवरून सरळ करू द्या, दहा पावलं पुढे, दहा मागे ढकलू द्या, पुन्हा स्टँडवर लावू द्या. तुम्ही पलीकडच्या बाजूला उभे राहा, पण हात लावू नका. एवढ्यात श्वास फुलला किंवा गाडी दोनदा कलली तर किल्ली परत द्या.