पदवीचे गुण कमी असताना एमबीएचा अर्ज भक्कम कसा करावा?

प्रश्न : उद्यमबागेतील अभियंता

सर्वांना नमस्कार. मी बेळगावचा रहिवासी असून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठातून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि ८८ टक्के मिळाले. पीयूसीला (बारावीला) ७१ टक्के पडले आणि पदवीचा सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुणांक, ६.२ वरच थांबला. सुरुवातीच्या सत्रांत गणिताचे पेपर राहिले होते, ते पुढे सुटले आणि शेवटच्या वर्षाचे गुण बरे आहेत. सध्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) गुणवत्ता विभागात काम करतो. नोकरीला तीन वर्षे झाली. पंपाच्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडणारी छिद्रे, येऊन माल परत येत असे, त्याचा छडा लावण्याचे काम माझ्याकडे होते.

आयआयएमसारख्या संस्थांच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या कॅट परीक्षेची तयारी सुरू आहे. परंतु गुणपत्रिका पाहूनच अर्ज बाजूला पडणार असेल, तर नेमके कशावर बळ लावावे हे उमगत नाही. कमी गुणांविषयी निबंधात स्वतःहून लिहावे की विचारल्यावरच बोलावे, याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : टिळकवाडीतील प्राध्यापक

प्रथम पात्रतेचे पाहू. कॅटसाठी खुल्या प्रवर्गाला पदवीस ५० टक्के किंवा तितक्या मोलाचा सीजीपीए लागतो, तर अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के पुरतात. सीजीपीएचे टक्के मात्र आपल्या विद्यापीठाच्या सूत्रानेच काढावेत, कारण अर्जातील आकडा आणि कागदपत्रांतील आकडा जुळला नाही तर पुढे अकारण त्रास होतो.

त्यानंतर प्रत्येक संस्था गुणांकडे कसे पाहते हे समजून घ्यावे. आयआयएम बेंगळुरू मुलाखतीची यादी करताना कॅटबरोबर दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांचे गुण धरते, आणि कामाच्या अनुभवालाही तेथे मोल आहे. आपली दहावी चांगली आहे, ती तेथे थोडीफार साथ देईल. परंतु पदवीची तूट कॅटच्या गुणांनी भरून काढण्यासाठी फारच वर जावे लागेल. सर्व आयआयएमचे निकष सारखे नसतात आणि प्रत्येक संस्था आपले प्रवेश धोरण संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. ते वाचून, पदवीच्या गुणांना कमी वजन देणाऱ्या संस्था यादीत वर घ्याव्यात. कॅटवरच सर्व भिस्त ठेवू नये. जानेवारीत होणारी झॅट (एक्सएटी) ही एमबीएची दुसरी प्रवेश परीक्षाही द्यावी. तिच्यातील निर्णयक्षमतेचा विभाग कारखान्यात रोज माणसांशी आणि अडचणींशी गाठ पडणाऱ्याला परका वाटत नाही, असा माझ्या विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आपल्या गुणपत्रिकेवरून वाचणाऱ्याच्या मनात एकच शंका येते, ती म्हणजे गणिताची. जुने गुण बदलता येत नाहीत, परंतु त्याच क्षमतेचा नवा पुरावा देता येतो. त्यासाठी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर संख्याशास्त्र किंवा वित्तीय लेखांकन यांपैकी एक अभ्यासक्रम निवडून त्याची परीक्षा द्यावी. तेथे अंतिम गुणांत घरी सोडवायच्या गृहपाठाला २५ टक्के आणि केंद्रावर देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षेला ७५ टक्के वजन असते, म्हणून त्या प्रमाणपत्राला अर्थ आहे. केवळ व्हिडिओ पाहून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांची रास अर्जाला जोडू नये. ती कोणी वाचत नाही.

उत्तर : निपाणीकर

दादा, एक मार्ग आपल्या भागातील अनेकांना माहीत नसतो, म्हणून मुद्दाम लिहिते. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे. तुमची दहावी, पीयूसी आणि पदवी बेळगावातच झाली असल्यास तुम्ही त्यात बसण्याची शक्यता दाट आहे. मी त्याच मार्गाने पुण्यात प्रवेश घेतला. तुमच्या दृष्टीने मोलाची बाब अशी की, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर (किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत, त्यावर) लागते आणि पदवीचे गुण मुख्यतः किमान पात्रतेपुरते पाहिले जातात. मुंबईच्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमसारख्या संस्थांसाठी पर्सेंटाइल अतिशय वरचे लागते, हे मात्र ध्यानात ठेवा.

सीमाभागातील रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन्ही दाखले माहितीपुस्तिकेतील नमुन्यातच लागतात. आमच्याकडे या दाखल्यांसाठी बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या, कारण कार्यालयातील मंडळींना तो नमुनाच ठाऊक नव्हता. त्यामुळे नमुना छापून सोबत न्या आणि निकालाची वाट न पाहता आधीच कामाला लागा.

उत्तर : शहापूरचा माजी विद्यार्थी

मी हैदराबादच्या आयएसबीतून (इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमधून) शिकलो. तेथील एक वर्षाच्या मुख्य अभ्यासक्रमासाठी किमान २४ महिन्यांचा कामाचा अनुभव मागतात, म्हणजे आपण पात्र आहात. तेथे प्रवेशासाठी चालणाऱ्या जीमॅट परीक्षेचे नवे स्वरूप २०५ ते ८०५ गुणांचे असून त्यात गणित, भाषा आणि विदा-विश्लेषण असे प्रत्येकी ४५ मिनिटांचे तीन विभाग आहेत. पदवी कमकुवत असलेल्याने एकूण गुणांइतकेच गणिताच्या विभागाकडेही लक्ष द्यावे.

निबंधाविषयी माझे मत स्पष्ट आहे. कमी गुणांबद्दल लिहावे, परंतु थोडक्यात आणि त्यासाठी राखलेल्या जागीच लिहावे : काय झाले, नंतर काय सुधारले आणि आज त्याचा पुरावा काय. मराठी माध्यमातून इंग्रजीत जाण्याची अडचण खरीच असते, आपल्या भागातील मुलांनी ती सोसली आहे. तथापि तिचा उल्लेख एका वाक्यात करून शेवटच्या वर्षाच्या गुणांकडे वळावे.

मुख्य निबंध मात्र ब्लोहोलवर लिहा. साच्याच्या वाळूतील ओलावा आपण दर पाळीला मोजायला लावला का, पावसाळ्यात तो किती चढत होता, ‘इतकी वर्षे हाताने दाबून वाळू ओळखतो’ म्हणणाऱ्या जुन्या मोल्डरला (साचे बनवणाऱ्या कारागिराला) आपण कन्नडमध्ये समजावले की मराठीत, आणि शंभर नगांमागे परत येणारे नग किती कमी झाले, हे सगळे त्यात येऊ द्या. कमी सीजीपीए असलेला माणूस आकडे हाताळू शकतो, हे असा एक परिच्छेद कोणत्याही खुलाशापेक्षा चांगले सांगतो.

पुन्हा प्रश्न : उद्यमबागेतील अभियंता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सीमाभागाच्या दाखल्यांबद्दल मला खरोखरच कल्पना नव्हती, ताई. एक शंका उरते. शिफारसपत्राविषयी मालकांशी बोललो, तेव्हा ते म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ इंग्रजीत लिहिण्याचा त्यांना सराव नाही. अशा वेळी काय करावे?

उत्तर : शहापूरचा माजी विद्यार्थी

स्वतः लिहू नका. अर्जाचा निबंध आणि शिफारसपत्र एकाच हातचे असल्याचे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, शिवाय बहुतेक ठिकाणी शिफारस करणाऱ्यालाच शिफारशीचा नमुना थेट ऑनलाइन भरावा लागतो. पदाने मोठ्या माणसापेक्षा आपले काम जवळून पाहिलेला माणूस बरा. ज्या ग्राहक कंपनीकडून कास्टिंग परत येत असे, तेथील गुणवत्ता विभागाच्या अधिकाऱ्याशी आपला वर्षानुवर्षे पत्रव्यवहार झाला असेल. परत येणारा माल कमी झाल्याचे त्यांनी स्वतः पाहिले आहे. मालकांची संमती घेऊन त्या अधिकाऱ्यांना विचारा आणि त्या काळातील तपासणी अहवाल आठवणीसाठी त्यांच्याकडे पाठवा. पत्रातील मजकूर मात्र पूर्णपणे त्यांच्यावर सोडा.