लुई कानच्या विटा : जपायच्या की पाडायच्या?

वीटभट्टी : अमेरिकन वास्तुरचनाकार लुई कानचं नाव काढलं की आपले आर्किटेक्ट लोक हात जोडतात. मी पडलो सिव्हिलवाला. अहमदाबादच्या आयआयएमने डिसेंबर 2020 मध्ये त्याने आखलेल्या 18 वसतिगृहांपैकी 14 पाडायचं ठरवलं. जगभरातून ओरड झाली, तशी 1 जानेवारीला माघार घेतली. 2022 मध्ये विषय पुन्हा वर आला. विटा झडतात, आतल्या सळया गंजल्यात, 2001च्या भूकंपाचे तडे आहेतच. पोरांनी कानच्या श्राद्धासाठी तिथे राहायचं का? माझं मत, पाडा.

रेवदंडेकर : विटा दुय्यम प्रतीच्या होत्या असं संस्थाच म्हणते, मग खापर कानवर का? मुंबईच्या ब्रिंदा सोमया यांच्या फर्मने तिथली लायब्ररी दुरुस्त केली, तिला 2019 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. होतं की!

वीटभट्टी : लायब्ररीत कोणी झोपत नाही, साहेब.

रेवदंडेकर : 15 नंबरच्या वसतिगृहात झोपतात ना? तेही दुरुस्त केलंय.

सातारी_कंदी : वीट काय म्हणते ते या माणसाला ऐकू यायचं म्हणतात, आडनावातच कान! पण गंमत सोडा, तिथली कमान बघा. वीट वर पेलते आणि खालची काँक्रीटची पट्टी कमानीला फाकू देत नाही. भिंतींतल्या त्या मोठ्या गोल भोकांमागे सावली असते, उन्हाची तिरीप थेट खोलीत येत नाही. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी त्यातलं फक्त भोक उचललं.

वीटभट्टी : भोकाबद्दल सहमत :)

जेजेची_जुनी : कानला अहमदाबादला आणण्यात पुढाकार वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींचा. जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईच्या आमच्या जेजे आर्किटेक्चर कॉलेजात. कानचं नाव झालं तेच पन्नाशीनंतर. मार्च 1974 मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर वारला, तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. त्यानेच आखलेली ढाक्याची संसद तर त्याच्यामागे, 1982 मध्ये पुरी झाली. वीटभट्टी, गळकं छत मीही सोसलंय, घरमालकाने ते दुरुस्त केलं. घर पाडलं नाही.

वीटभट्टी : घरमालकाकडे 14 इमारती नव्हत्या, ताई. बरं, एकेक करून दुरुस्त करा. मधल्या काळात पोरं कुठे ठेवणार, तेवढं सांगा.

जेजेची_जुनी : आवारात नवी वसतिगृहं बांधलीत की आधीच.