बदलापूर मुंबईचं उपनगर? कधीपासून?

बदलापूरकर: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, ‘ठाणे, वाशी, बदलापूर सगळी मुंबईची उपनगरंच, फरक फक्त घरांच्या भावाचा.’ रात्रभर डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितो. उपनगर म्हणजे मुलुंड, बोरिवली. पाणी, बेस्ट, नगरसेवक सगळं मुंबई महापालिकेचं. वाशी सिडको या सरकारी कंपनीने आखून वसवलेली. १९७० साली सिडको काढली तीच मुंबईवरचा भार हलका करायला. आणि आम्ही सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर, नगरपरिषदवाले. फोनचा कोडसुद्धा वेगळा, ०२५१. बारवी धरण आमच्या उशाशी, पाणी जातं ठाण्या-डोंबिवलीला. हे उपनगर?

ठाणेकर: पाण्यावरून टोमणे नकोत. आणि ठाणे उपनगर कधीच नव्हतं. १८५३ला पहिली गाडी आमच्याकडेच आली. तुमचं ते मुलुंड मुंबईत घेतलं १९५७ला!

मुलुंडवाला: हो, हो, फार जुनं शहर. मग रोज सकाळी अख्खं ठाणं फलाटावर कशाला उभं असतं?

वाशीची: ‘स्वयंपूर्ण शहर’ ऐकून बाबांनी ८६ला वाशीत घर घेतलं. रेल्वे आली १९९२ला. तोवर ते बस बदलत फोर्टला जायचे. मंत्रालय येणार होतं म्हणे. कांदा-बटाटा मार्केट आलं.

अंबरनाथकर: आमचं कुठल्या खणात टाकणार? ऑर्डनन्स फॅक्टरी, एमआयडीसी, सगळं गावात. वडील कारखान्यात सायकलने जायचे, मुंबईला वर्षातून दोनदा. मी रोज दादर गाठतो. गाव तेच आहे.

बदलापूरकर: अंबरनाथवाल्यांनी तर बोलूच नये. डाऊनने, म्हणजे उलट्या दिशेच्या गाडीने, बसून बदलापूरला येता, आणि आमच्याकडून सुटणारी लोकल आमच्या आधीच भरलेली! बायको सातव्या महिन्यात कल्याणपर्यंत उभी गेलीय.

अंबरनाथकर: मग काय करायचं? अंबरनाथला गाडी थांबली की दारातले तुमचेच वीर आत घेत नाहीत. मला स्पॉन्डिलायटिस आहे, दीड तास लटकू?

वाशीची: अंबरनाथचा पास बदलापूरपर्यंत चालतो वाटतं?

अंबरनाथकर: पास बदलापूरचाच काढतो, ताई. दर महिन्याला. दाखवू?

ठाणेकर: विषय काय, चाललंय काय! आमच्या स्टेशनात तर दोन्हीकडून भरलेल्या येतात.

बदलापूरकर: तुम्हाला ठाणे लोकल आहे, गप्प बसा. आणि अंबरनाथकर, पासाचं मान्य. पण मग गाडी बदलापूरला आल्यावर गर्भार बाई दिसली तर उठायला काय होतं?

अंबरनाथकर: उठतो. लेडीज डब्यात मी नसतो, एवढंच.

मुलुंडवाला: बरं बाबा, बदलापूर उपनगर नाही. जिंकलात. आता बिल्डरला सांगा.

बदलापूरकर: त्याच्याच जाहिरातीवर घेतलं ना घर. ‘मुंबईच्या उपनगरात, स्टेशनपासून पाच मिनिटं.’ रिक्षाने वीस लागतात.