मदत हवी आहे: राऊटरच्या खोक्यावर ३०० एमबीपीएस, मिळतात ८-१०. कंपनीला धरायचं कशावरून?

बालाघाटी

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथं नुसता वाचत असतो, आज कामाचं विचारायचंय.

आमच्या दाजींचं धारूर तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र आहे. गाव बालाघाटाच्या दोन टेकड्यांमधल्या खळग्यात. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं होतं, पण रस्त्याच्या कामात केबल तुटली ती तुटलीच. त्यामुळं उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, केवायसी, सगळा कारभार मोबाइलच्या नेटवर. आधी फोनचं हॉटस्पॉट लावायचे. पण दाजी फोन घेऊन शेताकडं गेले की केंद्र बंद. म्हणून अंबाजोगाईहून सिम घालायचा राऊटर आणला. अडीच हजारांच्या आसपास गेले.

खोकं माझ्यासमोरच आहे. पुढच्या बाजूला लाल गोलात '४जी'. त्याला चिकटून बोटभर उंचीच्या अक्षरांत '३०० एमबीपीएस'. मागं रॉकेट उडायलंय. खोकं उलटं केलं की तळाला, बारकोडच्या बाजूला, चष्मा काढून डोळ्याशी धरावं लागेल अशा अक्षरांत इंग्रजीत लिहिलंय, त्याचा अर्थ असा: हा वायरलेसचा कमाल सैद्धांतिक वेग आहे, प्रत्यक्षात कमी मिळू शकतो. त्याच्याही खाली 'एलटीई कॅट ४' आणि 'लॅन १०/१००'.

दुपारी ८-१० एमबीपीएस मिळतात, संध्याकाळी सातनंतर दीड-दोन. फाइल चढवायची म्हटलं तर रडकुंडीला आणतंय. गंमत म्हणजे तेच सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं की त्याच टेबलावर २०-२२ मिळतात. म्हणजे सगळा दोष टावरचा म्हणावा तर तसंही दिसेना.

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, ३०० हा वायफायचा स्पीड आहे, नेटवर्कचा नाही." मग ४जीच्या चिन्हाला चिकटवून कशाला छापला, यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं. बिचारीला कागदावर लिहून दिलेलं वाचायचं, तिला काय बोलणार.

दुकानदार म्हणतो, हे परत द्या, वर दीड हजार भरा आणि '१२०० एमबीपीएस'वाला न्या. दाजी जवळपास तयार झालेत. मी थोपवून धरलंय.

तर तीन गोष्टी सांगा. १२००चा घेऊन फरक पडेल का? फोनमध्ये जास्त आणि राऊटरमध्ये कमी, हे कामून? आणि असं छापणं कायद्यात बसतं का, बसत नसेल तर तक्रार कुठं करायची?

लातूरकर_जुना

'अप टू' लिहिलेलं असतं हो सगळ्यांच्याच खोक्यावर. साबणापासून गाडीच्या ॲव्हरेजपर्यंत हेच चालतं. ३०० वाचून कुणी ३०० धरतं का? डोंगरातल्या गावात ८-१० मिळायलेत, नशीब समजा.

बालाघाटी

काका, पुढच्या बाजूला 'अप टू' सुद्धा नाही, तेच तर म्हणतोय. आणि ३००चे २०० मिळाले असते तर मी धागा काढला नसता.

गोदाकाठचा

मी नांदेडला नेटवर्कच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुकानदाराचा १२००. तो घेऊ नका. ३०० हा आकडा तुमचा लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामधल्या दहा फुटांच्या हवेतला आहे. टावर ते राऊटर या वाटेशी त्याचा काडीचा संबंध नाही. १२०० तर आणखी मजेशीर. वायफायच्या दोन पट्ट्या असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. एकीवर ३००, दुसरीवर ८६७. बेरीज ११६७, ती वर ढकलून १२००. एक फोन एका वेळी एकाच पट्टीवर असतो, त्यामुळं ही बेरीज कुणाच्याच हाती लागत नाही. विहिरीला पाणी नाही म्हणून दाजी घरातली तोटी मोठी बसवायला निघालेत.

आता 'कॅट ४'. खोक्यावर खरी माहिती काय ती एवढीच, आणि ती तळाला. ही मोडेमची, म्हणजे राऊटरमधल्या टावरशी बोलणाऱ्या भागाची, वर्गवारी. एलटीई म्हणजे ४जीच. कॅट ४ म्हणजे उतरवण्याचा वेग जास्तीत जास्त १५० आणि चढवण्याचा ५०. तेही टावरकडून २० मेगाहर्ट्झ रुंदीचा सलग पट्टा मिळाला तर. १० मेगाहर्ट्झ असेल तर ७५, ५ असेल तर ३७. लांब पोचणारी आणि टेकडीला वळसा घालून आत शिरणारी लहर ही ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची, आणि तिथं कंपन्यांकडं रुंदी कमी असते. तुमच्या खळग्यात तीच येत असणार. मग कागदावरही ३७ किंवा ७५, आणि ते त्या दिशेच्या सगळ्या गावांत वाटून. संध्याकाळी सातला पोरं रील बघायला बसली की दीड-दोन उरतात, त्यात नवल नाही.

म्हणजे ३०० हा आकडा या यंत्राला अगदी टावरखाली नेऊन ठेवलं तरी नेटचा म्हणून मिळणं शक्य नाही. मोडेमच १५०चा आहे. आणि 'लॅन १०/१००' म्हणजे वायर लावून कॉम्प्युटर जोडलात तर १००च्या पुढं काही जाणारच नाही. एकाच खोक्यावर ३००, १५० आणि १०० असे तीन आकडे, आणि मोठा छापला तो सगळ्यात कमी कामाचा.

फोनमध्ये जास्त का, तर आजकालचे बरेचसे फोन दोन-तीन पट्टे एकदम जोडून घेतात. वर '४जी+' दिसतं ते तेच. कॅट ४ला ते जमत नाही, कॅट ६पासून पुढं जमतं. तुमचा फोन ८५०च्या जोडीला १८०० किंवा २३००चा पट्टा धरत असेल, राऊटर एकट्या ८५०वर बसून आहे.

राऊटरच्या पानावर लॉगिन करा (पत्ता राऊटरच्या बुडाला चिकटवलेला असतो) आणि तिथं बँड (म्हणजे लहरींचा पट्टा) कोणता, आरएसआरपी (सिग्नलचा जोर) किती, एसआयएनआर (सिग्नल किती स्वच्छ) किती ते इथं टाका. आरएसआरपी उणे ९०च्या आसपास असेल तर बरं, उणे ११०च्या खाली गेलं असेल तर आधी जागा बदला.

रेंजवाला

मोबाइलचं दुकान चालवतो, परळीकडं. आणखी एक बघा. सिमवर रोजच्या डेटाची मर्यादा असलेला प्लॅन आहे का? तो संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये ६४ केबीपीएसवर आणून ठेवतात. आणि '५जी अनलिमिटेड'वर विसंबू नका, ४जी राऊटरला ते लागू होत नाही. गिऱ्हाईक आमच्याशी भांडतं, आम्ही कंपनीशी.

एक मात्र सांगतो, खोक्यावरचा मोठा आकडा आम्ही दुकानदारही वाचूनच विकतो. तळाचं कुणी वाचत नाही, आम्हीसुद्धा.

देवणी

मूळ गाव देवणी, सध्या मेलबर्न. इथं २०१२मध्ये ॲपलनं नवा आयपॅड 'वायफाय + ४जी' या नावानं आणला. इथलं ४जी होतं १८०० मेगाहर्ट्झवर आणि आयपॅडचं एलटीई चालायचं ७०० आणि २१००वर. म्हणजे नाव ४जी, पण इथल्या ४जीला तो जोडलाच जात नव्हता. इथला ग्राहक आयोग कोर्टात गेला. कंपनीनं पैसे परत द्यायची तयारी दाखवली, नाव बदलून 'वायफाय + सेल्युलर' केलं, आणि वर साडेबावीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड भरला. यंत्र खराब होतं असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. नाव वाचून माणसाचा काय समज होईल, एवढ्यावर सगळं प्रकरण चाललं.

काळा_कोट_परभणी

वरचं शेवटचं वाक्य बालाघाटींनी नीट वाचावं. तुमची केस तिथंच आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात जाहिरातीची व्याख्या इतकी लांबरुंद आहे की धूर आणि वायूसुद्धा आलेत. आपल्या कामाचं म्हणजे लेबल आणि वेष्टन हेही त्यात येतं. तेव्हा 'खोक्यावरचं म्हणजे जाहिरात नव्हे' हा बचाव चालायचा नाही.

दुसरं, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. खुलासा दाव्याच्याच भाषेत, त्याच फाँटमध्ये आणि ठळक जागी हवा. वेष्टन असेल तर शक्यतो दावा ज्या बाजूला आहे त्याच बाजूला. आणि मुळात खुलासा देऊन दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करता येत नाही. पुढच्या बाजूला रॉकेट आणि तळाला बारकोडशेजारी खुलासा, हे यात कसं बसवायचं ते कंपनीच्या वकिलानं बघावं.

तक्रारीची पहिली पायरी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ते कंपनीकडं तक्रार पाठवतात आणि लहानसहान रकमेची प्रकरणं बऱ्याचदा तिथंच मिटतात. नाही मिटलं तर बीडचा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो तिथं दावा लावता येतो, कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

कंपनी एक अडचण काढेल: राऊटर धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. घाबरू नका. स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही, हे कायद्यातच स्पष्ट केलेलं आहे. दाजी स्वतः केंद्र चालवतात, एवढं पुरे.

आणि राऊटर बदलून घेऊ नका. एकदा वर पैसे भरून दुसरा नेला की पहिल्याबद्दल बोलायची ताकद निम्मी होते.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. गोदाकाठचे दादा, तुमचं बरोबर निघालं. बँड ५ दाखवत होता, म्हणजे ८५०. आरएसआरपी उणे ११३. केंद्राला पुढून पत्रे आहेत आणि मागं दगडी भिंत, राऊटर नेमका भिंतीशी होता. तो माडीवरच्या खिडकीत नेला, टावर ज्या टेकडीवर आहे तिच्याकडं तोंड करून. उणे ९७ झालं. मग सेटिंगमध्ये बँड ३ला, म्हणजे १८००ला, अडकवून ठेवला. दुपारी १८-२० मिळायलेत, चढवण्याचा वेग पण सुधारला. संध्याकाळचं रडगाणं तसंच आहे, पण केंद्र तोवर बंद होतं. दाजी खूश, मला चहा पाजला.

पण तक्रार करणार म्हणजे करणार. काम भागलं म्हणून खोक्यावरचं खरं होत नाही. मजकूर असा लिहिलाय: "सदर राऊटरवर ३०० एमबीपीएस वेगाचा दावा असून प्रत्यक्षात ८ ते १० एमबीपीएस वेग मिळतो. तरी रक्कम परत मिळावी." वकीलसाहेब, एवढं चालेल का?

लातूरकर_जुना

मी आत्ता घरातल्या राऊटरचं खोकं माळ्यावरून काढून बघितलं. पुढं ३००, तळाला कॅट ४. काहीच बोलत नाही मी आता. तक्रारीचा मजकूर पक्का झाला की इथं टाका, मलाही लागेल.

काळा_कोट_परभणी

चालणार नाही. असं लिहिलंत की कंपनी दोन ओळींत मोकळी होईल: वेग टावरवर अवलंबून, आमचा संबंध नाही. वर तुम्ही आता २० मिळवून दाखवलेत, ते तुमच्याच अंगाशी येईल. ८-१०चा उल्लेखच काढा.

असं लिहा: "वेष्टनाच्या दर्शनी भागावर '४जी' या चिन्हालगत '३०० एमबीपीएस' असे छापले आहे. त्यावरून हा मोबाइल इंटरनेटचा वेग आहे असा सामान्य ग्राहकाचा समज होतो. वेष्टनाच्या तळाशी नमूद केल्याप्रमाणे उपकरणातील मोडेम एलटीई कॅट ४ प्रकारचा असून त्याची कमाल क्षमता १५० एमबीपीएस आहे. म्हणजेच छापलेला वेग कोणत्याही नेटवर्कवर, कोणत्याही ठिकाणी मिळणे अशक्य आहे. त्याबाबतचा खुलासा दाव्याच्या बाजूवर नसून तळाशी बारीक अक्षरांत आहे."

मागणीत रक्कम परत, आणि वेष्टनावरचा दावा दुरुस्त करण्याचे निर्देश, हे दोन्ही घाला. सोबत खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो लावा. पुढच्या आणि तळाच्या बाजूच्या फोटोत पट्टी ठेवा, म्हणजे अक्षरांची उंची दिसेल. कस्टमर केअरशी बोलणं झालं त्याचा तक्रार क्रमांक असेल तर तो द्या, नसेल तर तोच प्रश्न ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. "३०० हा नेटवर्कचा स्पीड नाही" हे त्यांच्याच तोंडून लेखी आलं तर अर्धं काम झालं.

दुकानदाराला प्रतिवादी करायचं की नाही ते दाजींना विचारून ठरवा, रोजचा संबंध आहे. आणि पावती कच्ची आहे की पक्की तेवढं आजच बघून घ्या. कच्ची असेल तर जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागून घ्या, तक्रार जायच्या आधी.